तिकडे जाणाऱ्या सिस्टर

परदेशाशी मुक्त व्यापार करार झाल्याची बातमी आली, तेव्हा मंगरूळपीरच्या बाजारात सगळ्यांना सोयाबीनच्या भावाची काळजी होती. करारात सेवांचाही भाग असतो आणि नर्सचं काम ही सेवाच, हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. माझ्याही नाही.

तुमच्या आजोबांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. फोनवर ते तुम्हाला "मजेत" सांगतात, म्हणून हे लिहिते आहे. त्यांच्या डाव्या हातात शस्त्रक्रिया करून एक नस मोठी केली आहे. तिच्यात सुया टोचतात. ती नस वाकडी आहे. दवाखान्यातली मानोरा गावाकडची सिस्टर आधी तिच्यावर बोट ठेवून डोळे मिटायची, मग टोचायची.

"बाबा, हात ढिल्ला सोडा. काहून आखडून राह्यले? मी काय तुमचं वावर लिहून घेऊन राह्यली?"

"घे लिहून. आंगठा मोकळाच आहे."

करारानंतर आपल्या नर्सना तिकडे जाणं सोपं झालं. इंग्रजीची परीक्षा मात्र द्यावी लागते. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणून ती सिस्टर माझ्याकडे शिकायला आली. सुई टोचण्याआधी पेशंटची परवानगी मागायची, हे मी तिच्याकडून इंग्रजीत घोकून घेतलं.

"बाई, इचारत बसलं तर पेशंट पळून नाही का जाईन?" ती हसायची.

ती पास झाली आणि गेली. मग तिच्या जागी आलेल्या नव्या मुलीची सुई चुकली, पुन्हा चुकली. हात कोपरापर्यंत काळानिळा पडला. ही नस बंद पडली तर दुसरी करायला जागा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

एका दुपारी डॉक्टर स्वतः घरी आले. चहा नको म्हणाले.

"मॅडम, मशीन कुठूनही आणता येते. सिस्टर कुठून आणू? उरलेल्याही आता तुमच्याकडेच येऊन राह्यल्या. वर्ग बंद करा. माझ्यासाठी नाही, साहेबांसाठी म्हणतो."

ते गेल्यावर आतल्या खोलीतून तुमचे आजोबा म्हणाले, "शिकव. माझ्या एका हातापायी त्या पोरीयले कायले अडवतं?"

मी रात्रभर त्यांच्या हाताकडे पाहत होते.

सोमवारी वर्गासाठी दारात चपला निघाल्या. सगळ्यांत पुढे बसली तीच, दवाखान्यातली नवी मुलगी. तिचा हात आता बसला आहे. परवा तिला आजोबांची नस पहिल्याच वेळी सापडली.

"बाई, परीक्षा कधी देता येईन मले?"

"नीट अभ्यास केलास तर पावसाळ्याआधी," मी म्हणाले आणि फळ्यावर तारीख लिहिली.