मुंजाजीचा गेरू

आमच्या पेडगावात शंभर मेंढरांची तोंडं पाठ असलेला एकच माणूस आहे, मुंजाजी. कुठली कुणाची लेक, कुठलीचा खूर गेल्या साली दुखला, सगळं विचारा. शाळेची पायरी मात्र तो चढला नाही. मी सातवीपर्यंत गेलो, म्हणून गावाचे अर्ज माझ्याकडं येतात, आणि म्हणूनच ही हकीकत मला पहिल्या अर्जापासून ठाऊक आहे.

मुंजाजीचा मेंढवाडा सडकेच्या अलीकडं, चरायचं रान पलीकडं. सकाळी एकदा आणि दिवस कलताना एकदा कळपाला सडक ओलांडावीच लागते. पुढं त्याची बायको भिवराबाई चालते, मागं हा. उन्हाळ्याच्या तोंडाला एक पिकअप आली. ड्रायव्हर मोबाईलमध्ये बघून हसत होता. भिवराबाईच्या लुगड्याला वारा घालून गाडीनं तिच्या मागची घंटीवाली मेंढी उडवली, आणि ड्रायव्हर हसतच निघून गेला. चुटका लांबलचक असावा.

मुंजाजी मला घेऊन ठाण्यात गेला. लिंबाजी जमादारांनी विचारलं, गाडीचा नंबर काय? मुंजाजीनं सांगितलं, अंगानं पांढरी, उजवा डोळा फुटका, मागच्या डाव्या पायानं लंगडते, चढाला खोकते. जमादार म्हणाले, हे जनावरांच्या दवाखान्यात सांग, इथं नंबर लागतो. आता नंबर आणायचा कुठून? हल्ली त्या पाटीवर देवाचं नाव असतं, आईचा आशीर्वाद असतो, पक्षाचं निशाण असतं, आणि उरलेल्या जागेत मुंगीएवढा नंबर. मी चष्मा पुसेपर्यंत गाडीनं दोन गावं मागं टाकलेली असतात.

परत येताना आम्ही फाट्यावर चहाला थांबलो. कप हातात घेऊन मुंजाजी म्हणाला, "माणिकराव, भिवरा हातभर मागं असती तर मी मेंढीचा अर्ज घेऊन हिंडलो असतो का?"

आता धनगराची एक रीत सांगतो. पाण्यावर दोन कळप मिसळले की कुणाचं जनावर कुठलं कळावं, म्हणून जो तो आपली खूण करतो. मुंजाजीची खूण म्हणजे तेलात कालवलेल्या गेरूचा पट्टा, उजव्या फऱ्यावर, म्हणजे मागच्या मांडीवर. दुसऱ्या दिवशी त्यानं काठीच्या टोकाला चिंधी बांधली, गेरूत बुडवली आणि कळप सडकेवर घातला.

शंभर मेंढरं आडवी आली की गाडी थांबतेच. मुंजाजी शांतपणे आत वाकून बघायचा. हात रिकामे असले तर रामराम. मोबाईल कानाला किंवा मांडीवर असला, की गाडी हलताना मागच्या चाकाच्या वर पत्र्याला, उजव्या बाजूला, एक लाल पट्टा. उगाच म्हणून एकाही गाडीला त्यानं हात लावला नाही. खोटी खूण केली तर कळप बाटतो, असं त्याचं म्हणणं.

महिन्याभरात बाजारच्या दिवशी बघायला गंमत यायची. मास्तरची गाडी, डॉक्टरची गाडी, दुधाचा टेम्पो, एक तर नवरदेवाचीसुद्धा, सगळ्या लाल फऱ्याच्या, ओळीनं उभ्या. तेलातला गेरू सहजी निघत नाही. लोकांनी रॉकेलनं पुसलं, वर स्टिकर चिकटवले, कुणी झेंड्याचं कापड लावलं. मोबाईल खिशात ठेवायची युक्ती मात्र कुणाला सुचली नाही.

मग आले दिनकरराव. पुढारी माणूस, गाडी आरशासारखी. आमच्या शाळेत रस्ता सुरक्षा सप्ताहाचे प्रमुख पाहुणे. गाडी चालवताना मोबाईल वापरू नका, यावर तासभर बोलले. पोरं त्यांच्याकडं बघतच नव्हती. त्यांच्या पाठीमागं गाडी उभी होती, आणि पट्टा अजून ओला होता.

दुसऱ्या दिवशी मुंजाजीवर फिर्याद झाली, गाडी खराब केल्याची. जमादारांनी काठी आणि गेरूचा डबा मुद्देमाल म्हणून जमा करून घेतला. मुंजाजीला कोठडीची फिकीर नव्हती. दिवस कलायला आला होता, आणि भिवराबाई एकटीच कळप घेऊन सडकेवर येणार होती. तो सारखा दाराबाहेर उन्हाकडं बघत होता.

ठाण्यात नव्या अधिकारी आल्या होत्या, राजेश्री मॅडम. त्यांनी दोघांचं ऐकलं. दिनकरराव म्हणाले, आपण चालवताना मोबाईलला शिवतसुद्धा नाही, म्हाताऱ्यानं आकसानं केलं. आणि तेवढ्यात लिंबाजी जमादार मदतीला धावले.

"मॅडम, साहेब तसले न्हाईत. त्या दिशी सकाळी पेडगावाकडं येताना मीच त्यांच्याशी फोनवर बोलायलो होतो, पार शाळेच्या गेटापतूर. हारतुऱ्याचं ठरवायचं होतं. त्यांना असल्या भानगडीत पडायला येळ तरी होता का?"

मॅडमनी पेन खाली ठेवला. "गाडी कोण चालवत होतं?"

"साहेब सोता. त्यांना लय हौस हाय."

दिनकररावांनी जमादारांकडं असं बघितलं, की माणूस मेंढीकडंसुद्धा तसं बघत नाही. मॅडम म्हणाल्या, "लिहून घ्या जमादार, तुमच्याच तोंडचं."

मुंजाजीनं हळूच विचारलं, "नंबर लागंल न्हवं, जमादार?"

दिनकररावांनी दंड भरला आणि फिर्याद मागं घेतली. मॅडमनी मुंजाजीलाही बजावलं, दुसऱ्याच्या गाडीला रंग लावणं हाही गुन्हाच आहे बाबा. गेरूचा डबा ठाण्यात राहिला, काठी तेवढी परत मिळाली. ती घेऊन तो मोटारसायकलीवर माझ्या मागं बसला, आणि आम्ही पोचलो तेव्हा भिवराबाई कडेला कळप थोपवून उभी होती.

आता मुंजाजी काठीला कोरडीच लाल चिंधी बांधतो. कोरडी आहे हे आम्हा तिघांनाच ठाऊक. लांबून ती दिसली की पटापट मोबाईल मांडीखाली जातात. दिनकरराव तर दोन्ही हात स्टिअरिंगच्या वर धरून दाखवतात आणि रामरामही करतात. शेवटची मेंढी उतरली की फोन पुन्हा कानाला. लंगडी पिकअप अजून सापडायची आहे, जमादार अजून नंबरच विचारतात.

मी एकदा भिवराबाईला म्हटलं, पुढच्या गावात हे लोक तसेच सुसाट जात असतील. ती मागं वळूनसुद्धा न बघता चालत होती.

"मंग त्या गावानं बी मेंढरं पाळावीत," ती म्हणाली.