कॅल्शियमची बाटली

बोअरच्या गाडीवर मजुरी करत मी साताऱ्याकडून समुद्रपूरजवळच्या या गावात आलो आणि कावीळ होऊन पडलो. गाडी पुढे निघून गेली. ज्यांच्या शेतात बोअर मारत होतो, त्या काका-काकूंनी मला ठेवून घेतलं, पथ्याचं खाऊ घातलं, मग गोठ्याचं काम दिलं. आठवीत शाळा सुटलेल्या माणसासाठी परमुलखात एवढं कोण करतं? म्हणून गोठ्यात काही बिनसलं की ते मला माझंच वाटतं.

पुढे एके दिवशी गोठ्यातली गाय व्याली. पहिल्या चिकाचा खरवस साऱ्या गल्लीत गेला पाहिजे, ही घरची रीत. चारही सड रिकामे करून चीक काढला. दुसऱ्या सकाळी गाय खाली बसली ती उठेचना. मान पोटाकडे वळलेली, कान थंडगार.

काकांनी बोलावलेल्या गुरांच्या डॉक्टरबाईंनी येताच विचारलं, "सगळा चीक एकदमच काढला न? कॅल्शियम उतरलं तिचं."

"जगते न बाई गाय?" काकूंनी विचारलं. बाईंनी पिशवीतून कॅल्शियमची बाटली काढली.

गाय कुशीवर कलंडू नये म्हणून काकूंनी पोती लावून त्यांना आपली पाठ टेकवली. काकांनी मान धरली. बाटली उंच धरायला मी उरलो.

"औषध भराभर गेलं तर हृदय बंद पडतं. मी सांगीन तसा हात खाली-वर करा," म्हणत बाईंनी मानेच्या शिरेत सुई घातली. रक्त आलं. मला दरदरून घाम फुटला, कान गच्च झाले.

"काऊन रे, पांढरा पडून राह्यला?" काका ओरडले. "बाई, हा पडन आता! अवं, कांदा आन त्याच्या नाकाले!"

"कांदा आनू का पोतं धरू?"

"कांदा राहू द्या," गाईच्या छातीवरची ठोके ऐकायची नळी न हलवता बाई म्हणाल्या. "भाऊ, मांड्या आवळा. जोरात. रक्त पाहून तुमच्या मज्जातंतूंनी उलटा निरोप धाडला. हृदय मंद झालं, रक्त पायांत उतरलं. ते वर ढकला."

मी आवळल्या.

"गाय खाली मान घालून चरते, झटकन वर पाहते. तिले चक्कर येते का?" मी शुद्धीवर राहावं म्हणून त्या बोलतच होत्या.

"नाही."

"मानेतल्या धमनीत मज्जातंतू दाब जोखत असतात. दाब घटला की रक्तवाहिन्या आवळून घेतात. धामण सरळ झाडावर चढते, तिचंही तसंच... खाली! बाटली खाली घ्या!"

हात खाली आला. बाई डोळे मिटून गाईचे ठोके ऐकत होत्या. मी मांड्या आवळूनच उभा.

"हं. आता वर. हळू."

बाटली संपत आली तसा गाईनं ढेकर दिला. अंग थरारलं, नाकावर ओल आली. सुई काढल्यावर थोड्या वेळानं तिनं आधी मागचे पाय उचलले, मग पुढचे, आणि ती उभी राहिली. काकू रडायलाच लागल्या.

मी मांड्या सैल सोडल्या, आणि पुढचं मला आठवत नाही.

"एक उठली, तं दुसरा झोपला!" हे काकांचं ऐकत जागा झालो. काकू मला बसवू पाहत होत्या. बाई म्हणाल्या, "माणसाले आडवंच ठेवा. पाय वर करा."

पाहतो तर माझे शेणानं भरलेले पाय काकांनी छातीशी धरले होते.

"काका, पाय सोडा. बरं नाही दिसत."

"चूप राय," ते म्हणाले, आणि पाय आणखी वर उचलले.