शेपूट नसलेली चाल

ठाणे जिल्ह्यात आमच्या साडूंइतकी माणसं आजवर कुणी गप्प बसवली नसतील. यात न्यायाधीश, हेडमास्तर आणि माझी सासू हे तिघेही धरून बोलतोय. दर रविवारी सकाळी अर्धा तास डोंबिवलीतल्या त्यांच्या घरात कुणी बोलायचं नाही, शिंकायचं नाही, कुकर लावायचा नाही. पंखा बंद. दाराच्या घंटीची वायर ते स्वतः काढून ठेवत. एवढी शांतता कशासाठी, तर टीव्हीवरच्या जपानी कार्टूनसाठी. ठाण्याच्या सरकारी कचेरीत जमिनींचे नकाशे सांभाळणारा हा पंचेचाळिशीचा गृहस्थ टीव्हीच्या स्पीकरला टेपरेकॉर्डर चिकटवून डोळे मिटून बसे. चित्र त्यांनी कधी पाहिलंच नाही. त्यांना हवं होतं ते मागे वाजणारं संगीत. ते कुठल्याच कॅसेटवर मिळत नव्हतं, आणि मिळत नव्हतं म्हणूनच त्यांना हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पात्रं बोलायची थांबली की ते संगीत ऐकू येई, बोलू लागली की दबून जाई. साडू त्या फटींतले तुकडे गोळा करत, दाढीच्या ब्लेडने टेप कापून एकमेकांना जोडत आणि कॅसेटींवर कचेरीतल्या सुवाच्य अक्षरात लेबलं लावत. ‘होडी, तुकडा अकरा, शेजारचा कुत्रा.’ एकदा मी पाहुणा म्हणून गेलो असताना मला शिंक आवरली नाही. ‘होडी, तुकडा चौदा, साडू शिंकले’ ही कॅसेट त्यांनी पुढे दोन वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवली.

ही होडीची चालच सगळ्याच्या मुळाशी होती. हरवलेलं कोल्ह्याचं पिल्लू दर भागाच्या शेवटी होडीत बसून किनारा सोडायचं आणि बासरीसारखं काहीतरी सुरू व्हायचं. चाल वर वर चढायची आणि आता खाली येणार, तेवढ्यात हिंदी निवेदक पुढच्या आठवड्यात काय होणार ते सांगायला घुसायचा. त्याच्या मागे काय वाजतं ते कधीच कळायचं नाही. साडू त्याला चालीचं शेपूट म्हणत. “तेवढं शेपूट एकदा ऐकू दे,” ते बायकोला म्हणत, “मग बंद करतो सगळं.”

त्यांची बायको म्हणजे माझी मेहुणी. ऐकून ऐकून तिलाही ती चाल पाठ झालेली. पोळ्या लाटताना ती गुणगुणायची आणि निवेदक जिथे घुसायचा, तिथून पुढचं स्वतःच्या मनाने लावायची. की लगेच साडू आंघोळ अर्धी टाकून, टॉवेल गुंडाळून दारात. “तसं नाहीये ते. माहीत नसेल तर म्हणू नये.” असं किती वेळा झालं कोण जाणे. एके दिवशी तिने गुणगुणणंच बंद केलं. साडूंना ते कळलंसुद्धा नाही, आणि याचा मला आजही राग आहे.

कार्टून बंद पडलं. बऱ्याच वर्षांनी कचेरीतल्या एकाचा मुलगा बोटीवर लागला आणि त्याने जपानहून त्याच कार्टूनची व्हिडिओ कॅसेट आणली. साडूंनी ती लावली, तर नेमक्या त्याच जागी एक जपानी बाई बोलत होती. ते मला घेऊन थेट विठ्ठलवाडीच्या एका मेकॅनिककडे गेले. मागचं संगीत मोठ्याने ऐकू यावं म्हणून त्याने व्हीसीआरला एक सुटा स्पीकर जोडला आणि ती बाई गायबच झाली. चाल मात्र स्वच्छ वाजत होती.

“साहेब, वायर चुकली वाटतं,” मेकॅनिक म्हणाला, “थांबा, सरळ करतो.”

“हात लावू नकोस,” साडू म्हणाले.

डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखंच येणारं बोलणं अशा जोडणीत एकमेकांना खाऊन टाकतं, असं काहीतरी मेकॅनिक सांगत होता. पण आमचं लक्ष नव्हतं. चाल वर चढली, आणि तिथेच तुटली. साडूंनी चार वेळा रिवाइंड करायला लावलं.

“एवढंच हाय साहेब,” मेकॅनिक म्हणाला. “सीन संपला, तिथं म्युझिक कापलं.”

रिक्षात साडू ती कॅसेट मांडीवर उलटीपालटी करत बसले. मला आधी थोडं बरं वाटलं, मग वाटेनासं झालं. घरी आल्यावर त्यांनी टेपरेकॉर्डर उचलला, स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला आणि बायकोला म्हणाले, “ते पुढचं तू म्हणायचीस ना, ते म्हण.”

मेहुणीने लाटणं थांबवलं. आठवून पाहिलं. “आता नाही आठवत हो,” ती म्हणाली. “तुम्हाला आठवतंय का?”

साडूंना कुठून आठवणार. त्यांनी ते कधी पुरतं ऐकूनच घेतलं नव्हतं.

त्यानंतर दर रविवारी टेपरेकॉर्डर ओट्यावर असायचा. मेहुणी पोळ्या लाटता लाटता मनाला येईल ते गुणगुणायची. ते शेपूट तिला पुन्हा कधीच सापडलं नाही. पण त्या कॅसेटी मी ऐकल्यात. कुकरच्या शिट्ट्या आहेत, दाराची घंटी आहे, आणि साडू तिला एकदाही थांबवत नाहीत.