रेनगन, द्राक्षं आणि मायनस सात

“मायनस सात? पाणी काय गनच्या मागं पडणार आहे?” साहेबांनी माझा कागद परत सरकवला.

बारामतीत ठिबक-तुषारच्या एका कंपनीत मी डिझाइनचं काम करतो. साइट निरवांगीची. तात्यांचा ऊस डोक्याच्या वर गेलेला. म्हणून रेनगनचा, म्हणजे लांबवर पाणी फेकणाऱ्या मोठ्या तोटीचा, स्टँड एक मीटरवरून चार मीटर करायचा होता. गनपासून पस्तीस मीटरवर शेजारच्या आबांची द्राक्षबाग सुरू होते.

आबा ऑफिसात येऊनच बसले होते. “माल आठ दिसांत तुटणार हाय. पानी पडलं की मनी तडकत्यात. वरीस वाया जाईल माजं.”

“निर्धास्त राहा आबा,” साहेब म्हणाले. “गन तीच, पंप तोच. बत्तीस मीटर जायचं, आताही बत्तीसच जाणार.”

पाण्याची धार वर्गसमीकरणाच्या आलेखासारखी वाकून जाते. आलेख उभ्या अक्षाला छेदतो ती गनची उंची. आडव्या अक्षाला छेदतो तिथं पाणी जमिनीला लागतं. जुनं समीकरण होतं x² − 30x − 64 = 0. उत्तरं 32 आणि −2. उंची चौपट केली की 64 च्या जागी 256 येतात आणि उत्तरं साधारण 37 आणि −7. मायनसवालं सोडून द्यायचं. रेघ मागं वाढवली तर जमिनीला कुठं लागेल, एवढंच ते सांगतं. हे दहावीच्या पोरांना कळतं. साहेब एमबीए आहेत.

“एक उत्तर चुकलंय म्हणजे दुसरंही चुकलंय,” त्यांनी निकाल दिला.

मला राग आला. बाग आबांची आणि बेफिकिरी आमची. म्हणालो, “सर, गन बागेच्या उलट बाजूला, रस्त्याकडं फिरवून ट्रायल घेऊ.” साहेबांना पटलं. पुराव्याचा व्हिडिओ ते स्वतः काढणार होते. टेपनं मोजून पस्तीस मीटरवर, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात उभे राहिले.

“सर, थोडं मागं.”

“गरज नाही.”

त्याच समीकरणानं पस्तीस मीटरवर धार जमिनीपासून सव्वा मीटर उंच असते. साहेबांची छातीही साधारण तिथंच आहे.

तात्यांनी पंप बंद केला. “साहेब, बत्तीस म्हनला हुता न्हवं?”

गन बागेपासून आणखी पाच मीटर लांब घेतली. आबांचा माल कोरडा तुटला. साहेबांनी रिपोर्टात लिहिलं, ‘अंतराची खात्री मी स्वतः साइटवर केली.’ खोटं म्हणता येत नाही. मी एवढंच शिकलो, की साहेबांना आकडा पटवायचा असेल तर त्यांना त्या आकड्यावर नेऊन उभं करावं.