प्रसूतिगृहातलं पीठ

मोरोक्कोच्या डोंगरातल्या अझ्रू गावच्या प्रसूतिगृहात तूदा बावीस वर्षं सुईण होती. गावातली निम्मी तरुण पोरं तिच्याच हातात पहिल्यांदा रडलेली. त्यामुळे बाजारात तिला कुणी ताटकळत ठेवत नसे, आणि घरी तिला कुणी सुखानं जेवू देत नसे. सूप वाढून घेतलं की फोन वाजलाच. तिचा नवरा बस्सू तर म्हणायचा, डोंगरातल्या बायकांना तूदाच्या सुपाचा वास आला की कळा सुरू होतात.

त्या हिवाळ्यात तर तिच्या नाकी नऊ आले, कारण दुसरी सुईण स्वतःच बाळंतपणाच्या रजेवर गेली. तीस खेडी आणि एकटी तूदा. घरात दोन महिने हातच्या पावाऐवजी दुकानातला पाव येत होता. बस्सू घड्याळं दुरुस्त करणारा, शांत माणूस. तो पाव हातात घेऊन दोन्ही बाजूंनी निरखून बघायचा, बंद पडलेल्या घड्याळाकडे बघावं तसा. सोळा वर्षांची लेक इत्तो मात्र आईवर गेलेली. ती म्हणाली, "आई, हा पाव भिंतीवर मारला तर भिंत पडेल."

अशात गुरुवारी नणंदेचा, लल्ला यामनाचा, मकनास शहरातून फोन आला. "उद्या जुम्म्याच्या कुसकुसच्या जेवणाला येते. भावाच्या घरी दुकानचा पाव खातात असं कानावर आलंय. खोटंच असणार म्हणा."

तूदानं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं डोळ्याला भिंग लावलं आणि एका लहानशा काट्यात मान घातली.

शुक्रवारी पहाटे पाचला उठून तिनं दोन किलो पीठ मळलं. गव्हाचं, वर मूठभर रवा, बडीशेप. परातीत गोळा ठेवून झाकते न झाकते तोच फोन. टिमहदितच्या वाटेवरच्या एका वाडीतून इज्जा नावाची पहिलटकरीण निघाली होती, कळा जवळजवळ यायला लागल्या होत्या.

"जा तू," बस्सू म्हणाला. "पिठाकडे मी बघतो."

"मागच्या वेळी बघितलंस तेवढं पुरे," तूदा म्हणाली. तिनं परातीतला गोळा कापडात बांधून लोकरी घोंगडीत गुंडाळला, छातीशी धरला आणि बर्फातून तरातरा निघाली. वाटेत दोघांनी तिला "मुबारक" म्हटलं. तिला वाटलं, जुम्म्याचं म्हणत असतील.

प्रसूतिगृहात तिच्या बसायच्या खोलीत लाकडाची शेगडी होती. शेजारच्या खाटेवर तिनं गाठोडं ठेवलं आणि इज्जाकडे गेली. इज्जाबरोबर तिची आई होती. ती दर कळेला लेकीपेक्षा मोठ्यानं ओरडत होती, म्हणून तूदानं तिला अक्रोड फोडायला बसवलं.

नऊच्या सुमाराला तपासणी करणारे डॉक्टर सकल्ली आले. प्रांताच्या आरोग्य कचेरीतले, मूळचे फेज शहरातले, तरुण, गळ्यात टाय, बूट पातळ. येणार हे कुणी कळवलंच नव्हतं. थंडीनं त्यांचे दात वाजत होते. तूदानं त्यांना शेगडीजवळ बसवलं, हातात पुदिन्याच्या चहाचा पेला दिला. चहानं जरा जीवात जीव आल्यावर त्यांची नजर घोंगडीवर गेली.

"हे कधीचं?" त्यांनी हळूच विचारलं.

"पहाटे पाचचं," तूदा म्हणाली. बावीस वर्षांत एका वरिष्ठानं पिठाची चौकशी केली, याचं तिला बरंच वाटलं.

"वजन?"

"दोन किलो. थोडं वरच असेल."

"कमीच म्हणायचं."

"वाढतंय की. दुपारपर्यंत दुप्पट होतं बघा."

डॉक्टरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं. "कुणाचं आहे?"

"माझंच, साहेब."

डॉक्टरांनी तिच्या रुमालाखालून डोकावणाऱ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं, मग चहाकडे. फेजची माणसं मुळातच अदबशीर. "आणि याचे... घरचे? घरी ठेवायला कुणी नव्हतं?"

"नवरा आहे. पण त्याच्या भरवशावर ठेवायची सोय नाही. मागच्या खेपेला ठेवलं, तर हा दाढी करायला गेला. परत येतो तो जमिनीवर पडलेलं. निम्मं मांजरानं नेलं."

डॉक्टरांनी पेला खाली ठेवून वहीत आणखी एक ओळ लिहिली. तेवढ्यात आतून इज्जाची किंकाळी आली. "जरा लक्ष ठेवा," तूदा दारातून म्हणाली. "वारा लागू देऊ नका, नाहीतर बसेल ते."

तासभर तिला इकडे फिरकायला सवड झाली नाही. आडवं आलेलं मूल सरळ करताना तिच्या कपाळावर घाम होता आणि डोक्यात लल्ला यामना. इज्जा दोन कळांच्या मधे म्हणाली, "बडीशेपेचा वास येतोय का गं मला?" तूदा म्हणाली, "तू आधी जोर कर. मग खायला देते."

सवादहाला मुलगी झाली. तीन किलो दोनशे. रडली ती अशी की इज्जाच्या आईच्या हातून अक्रोड सांडले. बाळ आजीकडे देऊन तूदा खोलीत आली, तर डॉक्टर सकल्ली टाय सैल करून खाटेच्या टोकाला बसलेले, आणि घोंगडी अर्धी उघडलेली.

"हलत नव्हतं," ते म्हणाले. "मी घाबरलो. बोट लावलं, तर आत गेलं."

तूदानं आधी घोंगडीकडे बघितलं आणि नंतर डॉक्टरांच्या पिठानं माखलेल्या बोटाकडे. मग सकाळचं सगळं संभाषण एकेक वाक्यानं तिच्या डोक्यात परत फिरलं, आणि ती दाराच्या चौकटीला धरून हसायला लागली. हसता हसता खालीच बसली. डॉक्टरांनी आधी वही बंद केली, घसा खाकरला, आणि मग त्यांनाही आवरेना. आत इज्जाच्या आईला वाटलं, बाहेर कुणीतरी रडतंय. ती आतूनच सूर धरून मोकळी झाली.

"मांजरानं निम्मं नेलं," डॉक्टर डोळे पुसत म्हणाले. "मी पोलिसांना फोन लावणार होतो, बाई."

"साहेब, फोन राहू दे. पीठ फुगून आलंय, आणि बाळंतिणीला सोडून मला अजून दोन तास हलता येत नाही. गावची पाव भाजायची भट्टी मशिदीमागं आहे."

डॉक्टरांनी बाहेरच्या बर्फाकडे बघितलं, आपल्या बुटांकडे बघितलं. मग म्हणाले, "माझी आईही भट्टीवर मलाच पाठवायची."

तूदानं गोल पाव थापून फळीवर मांडले, डॉक्टरांनी फळी डोक्यावर घेतली. भट्टीवाल्या हम्मूनं टायवाला माणूस फळी घेऊन येताना बघितला आणि कुणाची फळी एवढंच विचारलं. "तूदाबाईंची" म्हटल्यावर त्यानं रांगेतल्या सहाजणींना मागं सारलं.

पहिला पाव परत आला तो इज्जाच्या खाटेवरच फुटला. ऑलिव्हचं तेल, अक्रोड, चहा. इज्जानं एकटीनं अर्धा खाल्ला. तूदा भिंतीला टेकून उभ्या उभ्या खात होती. कुरकुरीत कड, आत वाफ. दोन महिन्यांत असं काही तोंडात गेलं नव्हतं, आणि मुख्य म्हणजे फोन गप्प होता. तिनं डोळे मिटून घेतले. कुणी काही विचारलं तर ऐकू येणार नाही, असं ठरवूनच.

एक वाजता दुपारपाळीची परिचारिका आली तेव्हा तूदा उरलेले पाव घेऊन निघाली. डॉक्टरही बरोबर, बर्फानं रस्ता बंद झाला होता, गाडी कुठं जाणार. घरी बस्सू दारातच उभा.

"लल्ला यामनाचा फोन होता. घाटात गाड्या अडवल्यात. येत नाही म्हणाली."

तूदानं हातातल्या पावांकडे बघितलं. पहाटे पाचपासूनची धावपळ ज्या बाईसाठी केली ती मकनासमध्ये शेगडीजवळ पाय पसरून बसली होती.

"बरं झालं," इत्तो म्हणाली. "आता आपल्यालाच जास्त. हे काका कोण?"

"हे पिठाचे डॉक्टर," तूदा म्हणाली.

वाफवलेल्या रव्याचं कुसकुस इत्तोनं केलं होतं. गाजरं कच्ची होती, भोपळ्याचा लगदा झाला होता, पण गरम पावाबरोबर सगळं पोटात गेलं. डॉक्टर सकल्ली जेवता जेवता तिथंच गादीवर कलंडले. बस्सूनं तूदाचे ओले मोजे ओढून काढले आणि शेगडीवर वाळत घातले. त्यातला एक पाच मिनिटांत जळाला. वास आला तेव्हा तूदा संत्रं सोलत होती. ती उठली नाही. तिनं एक फोड नवऱ्याच्या तोंडात घातली, एक स्वतःच्या, आणि पाय शेगडीच्या आणखी जवळ नेले.