बांधावर लावलेले गौरीचे हात

नसरापूरला एसटीतून उतरले तेव्हा माझ्या हातात कुदळ होती आणि पिशवीत गोणपाट. मैत्रिणीच्या आईचा, सखूमावशींचा, आदल्या दिवशी फोन आला होता. गुंजवणे गावाच्या वरचा उतार फार्महाऊसवाल्याने घेतलाय, जेसीबी येतोय. त्या उतारावर कळलावी आहे. भादव्यात गौर बसवली की तिला हात म्हणून कळलावीची लालपिवळी फुलं लावतात (मावशी फुलालाच ‘गौरीचे हात’ म्हणतात). उतार गेला की मावशींची गौर बिनहातांची.

टेम्पोतून जाताना नर्सरीच्या पाट्या वाचत गेले. लॉन, परदेशी पाम, पुन्हा लॉन. ज्या मातीत सोनकी, चवर (रानहळद), कळलावी दरवर्षी आपापल्या वर येतात, तिथे गवत विकत आणून अंथरायचं आणि उन्हाळाभर टँकरने जगवायचं. याला निसर्गाच्या सान्निध्यात राहणं म्हणतात! धरणाकाठच्या ओलीत लव्हाळा मजेत उभा होता. त्याची पाटी कुठेच नव्हती.

उतारावर मावशी माझी वाट बघत होत्या. जेसीबी लागलेला, चालक डबा खात बसलेला. मी देशी झाडांवर सुरू झाले.

"मॅडम, भाषण जेवल्यावं," तो म्हणाला. "म्या जेवतोय तवर काय काढायचं ते काढा."

काढलं. गेल्या वर्षीचे वाळके वेल करवंदीच्या जाळीत लोंबत होते. त्यांच्या बुडाशी खणलं की नांगरासारखे वाकडे कंद मिळत. कंद विषारी, म्हणून सरळ गोणपाटात.

"परसात लावू," मी मावशींना म्हटलं.

"घरापाशी? न्हाई बाई. ही दारात आली की घरात भांडणं."

"मावशी, ही अंधश्रद्धा आहे."

"आसंल. सून माज्या घरात हाय, तुज्या न्हाई."

भातखाचरात कंद कुजले असते. गोणपाट घेऊन आम्ही नुसत्या हिंडत होतो. मग मावशी त्यांच्या आणि दिरांच्या शेतामधल्या उंच बांधावर थांबल्या. बांध कुणाचा, यावरून दोन्ही घरं बोलत नाहीत.

"हितं लाव. हितं भांडान आधीच हाय."

मी खणायला लागले तशा पलीकडून मावशींच्या जाऊबाई आल्या. मावशींकडे न बघता मला म्हणाल्या, "इचार तिला, काय पुरतीय आमच्या बांधात?"

"गौरीचे हात," मी सांगितलं.

वर जेसीबी सुरू झाला होता. त्यांनी उताराकडे बघितलं.

"मग आमच्या अंगाला बी लाव म्हनावं. आमची गौर काय थोटी बसवू?"

मावशीही मलाच म्हणाल्या, "कुदळ आन म्हनावं तिला. पोरगी दमलीया."

कुदळ आली. दोघी बांधाच्या दोन अंगांनी खणत राहिल्या, एकमेकींशी अक्षर न बोलता. ‘देशी झाडं लावा’ची पत्रकं माझ्या पिशवीतच राहिली.

निघताना मावशींनी एक कंद मला दिला. "तुमच्या बिल्डिंगीत हाय का आसली जागा?"

आहे. लॉनवरून आमच्या सोसायटीत वर्षभर भांडण चालू आहे. पुण्यात परतल्यावर कंद कुंपणाच्या आत, मुलांच्या हाती लागणार नाही असा, सेक्रेटरींच्या खिडकीखाली लावला.