वच्छलाबाईंच्या घरचा एडविन

१९७४ च्या जुलैत एडविन टांझानियाहून नागपूरला शेतकी शिकायला आला. होस्टेल भरलेलं होतं. शहरात खोल्या रिकाम्या होत्या, पण त्याला पाहिलं की घरमालक म्हणत, "कालच दिली." कॉलेजात चपराशी असलेल्या रुपरावांनी शेवटी त्याला इंदोरा वस्तीतल्या आपल्या घरी आणलं. त्यांची बायको वच्छलाबाई दवाखान्यात आया होती. तिनं समोरची खोली त्याला दिली आणि स्वतःचा संसार मागच्या एका खोलीत कोंबला.

एडविन ज्वारीची भाकर चुरून वरणात खायचा. वच्छलाबाईची मुलगी प्रेमिला मॅट्रिकला होती, तिला तो दारातल्या ओट्यावर इंग्रजी शिकवायचा. तेवढंच वस्तीला खुपलं.

एका रविवारी वस्तीतल्या बुद्धविहारात बैठक बसली. वच्छलाबाई एडविनलाही घेऊन गेली आणि पुढच्याच सतरंजीवर बसली.

"काहून असं करून राहिली वं?" वस्तीतले वडीलधारे बाबाराव म्हणाले. "घरात सोळा वर्षांची पोरगी हाये. लोकं काय म्हणतीन?"

"बाबारावजी, गावातल्या विहिरीवर लोकं आपल्याले काय म्हणत होते, आठवते ना?"

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं? सांगा. मी ऐकून राहिली."

बाबारावांनी आवाज चढवला, "मंग तुह्या दारात कोणी येणार नाही."

"नका येऊ."

खरंच कोणी येईनासं झालं. गल्लीतल्या एका लग्नाचं बोलावणं सगळ्या घरांना गेलं, यांना नाही. नवरी प्रेमिलाची वर्गमैत्रीण. प्रेमिला दिवसभर रडली. एडविननं ट्रंक भरायला घेतली, ती वच्छलाबाईनं हातातून ओढून घेतली.

"तू गेला तर हे खरे ठरतीन. बस गुमान."

वरात आली तेव्हा ती ठेवणीतलं लुगडं नेसून ओट्यावर बसली. एका बाजूला प्रेमिला, दुसऱ्या बाजूला एडविन. वाजंत्री पुढून गेली. तिनं मान खाली घातली नाही.

प्रेमिला मॅट्रिक पास झाली. १९७८ मध्ये एडविनही पदवी घेऊन मायदेशी गेला. बाबारावांना वाटलं, आता तरी ही बाई नमेल.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये वच्छलाबाईनं समोरच्या खोलीला चुना लावला आणि टांझानियाचीच आणखी दोन पोरं ठेवून घेतली.